वखारीतील वह्या

बालाघाटाच्या पठारावरील घाटनांदूरचा इतिहास लिहावयास बसले की लेखणी प्रथम शेजारच्या अंबाजोगाईकडेच वळते. तेथे प्राचीन लेणी आहेत, यादवांचा सेनापती खोलेश्वर याचे शिलालेख आहेत, मुकुंदराजांची समाधी आहे. त्यांचा ‘विवेकसिंधु’ शके १११०, म्हणजे इ. स. ११८८ चा मानला जातो. घाटनांदूरच्या वाट्याला आले ते निझाम राजवटीतील रेल्वे स्थानक. विकाराबाद–परळी लोहमार्ग अंबाजोगाईला बाजूला ठेवून येथून गेला.

येथील एका जैन कुटुंबाच्या वखारीत जुन्या खातेवह्यांचे गाठोडे पडून होते. हिशेब संगणकावर गेले, वखार मोकळी करावयाची झाली, आणि मुलाने वह्या रद्दीत देण्याचे ठरविले. दिवाळीला पुण्याहून आलेल्या नातीने गाठोडे सोडले. आजोबांनी वडिलांच्या हाताखाली गिरविलेली मोडी पुन्हा वाचावयास घेतली.

आरंभीच्या पानांवर हाली शिक्क्याचे रुपये होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले, तरी हाली रुपया वहीतून लगेच हटला नाही. काही वर्षे सात हालीस सहा कलदार असा हिशेब चालला. पुढे मण-शेर जाऊन किलो-क्विंटल आले. राज्ये बदलली, ज्वारी आणि तूर मात्र पानोपानी तशीच राहिली.

१९७२ च्या दुष्काळाच्या वहीपाशी आजोबा थांबले. खात्यामागून खाती उधारीची. व्याजाचा रकाना रिकामा, आणि कित्येक नावांवर एकच आडवी रेघ. खडी फोडावयास गेलेल्या माणसांकडून वसुली करावयाची नाही, असे पणजोबांनी ठरविले होते.

“हे तर छापायला हवं,” नात म्हणाली.

आजोबांनी वही मिटली. “बाळ, या माणसांची नातवंडं आजही आपल्या दुकानात येतात. त्यांच्या आजोबांचं देणं चव्हाट्यावर कशाला? सोडलेल्या देण्याचा डांगोरा पिटला, तर ते सोडलं कुठे?”

नातीने भाव, मापे, नाणी, पिके आणि तारखा उतरवून घेतल्या. नावे उतरविली नाहीत. मुलाने रद्दीवाल्याला परत पाठविले आणि वखारीतील एक फळी रिकामी केली. आजोबांनी वह्या नव्या कापडात बांधून तेथे ठेविल्या.