सोनं देणारं तळं आणि मरता न येणारा माणूस

लाँग वीकेंड जाहीर झाला की ऑफिसात पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘गोवा?’ या वेळी सांगून टाका, ‘नको, अलीकडेच उतरू!’ कुडाळ स्टेशनला उतरायचं, मालवणच्या रस्त्याला लागायचं, नेरूरपारला कर्ली नदी ओलांडायची आणि थोड्याच वेळात धामापूर. बीच नाही, शॅक नाही, डीजे तर नाहीच नाही. आहे ते एक तळं. पण काय तळं आहे महाराजा!

दोन बाजूंना झाडीने गच्च भरलेले डोंगर, मधे हिरवंगार पाणी आणि काठावर भगवतीचं देऊळ. देवळापासून पायऱ्या थेट पाण्यात उतरतात. हे तळं निसर्गाने आयतं दिलेलं नाही, माणसांनी बांध घालून केलेलं आहे. १५३० साली विजयनगरचा मांडलिक नागेश देसाई याने ते बांधलं असं सांगतात. म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्या शंभर वर्षं आधी! आजही धामापूर आणि काळसे गावांची शेती, माडा-पोफळीच्या बागा या पाण्यावर उभ्या आहेत. २०२० साली आंतरराष्ट्रीय सिंचन आयोगाने या तळ्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा दर्जा दिला. महाराष्ट्रातलं हे असं पहिलंच ठिकाण.

पण धामापूरला आलेल्या माणसाला गावकरी आधी हे सांगत नाहीत. आधी सांगतात ती सोन्याची गोष्ट.

परडी बुडायची आणि...

पूर्वी म्हणे कुणाच्या घरी लग्न निघालं आणि दागिन्यांची सोय नसली की फुलांचे दागिने करायचे, परडीत ठेवायचे आणि देवीचं नाव घेऊन परडी तळ्यात सोडायची. परडी बुडायची आणि वर यायची ती सोन्याचे दागिने घेऊन! नवरीने ते मिरवायचे. अट एकच. लग्न उरकलं की दागिने तळ्याला परत.

‘मगे एकान परत केल्यान नाय,’ आम्ही उतरलो होतो त्या घरचे अण्णा म्हणाले. ‘तेच्यानंतर सगळा बंद.’

आमच्या ग्रुपमधला एक जण रात्र रात्र फॅन्टसी गेम खेळणारा. त्याचे डोळे चमकले. ‘म्हणजे त्याला शाप लागला असणार! काय झालं त्याचं?’

‘शाप? नाय रे झिला,’ अण्णा हसले. ‘तळा गप रवला. शाप बघूचो तर अश्वत्थाम्याचो.’

एवढं बोलून अण्णा घावण्यांची चौकशी करायला आत गेले आणि आम्ही पडवीत बसून राहिलो. अश्वत्थामा आपल्याला माहीत असतो तो लहानपणी ऐकलेल्या दोन ओळींपुरता. कपाळावर भळभळती जखम, दारोदार तेल मागत फिरणारा कुणीतरी. अलीकडे २०२४ सालच्या ‘कल्की २८९८ एडी’मध्ये अमिताभला त्या रूपात पाहिलेला. पण त्याची बॅकस्टोरी? ती नीट लावून पाहिली, तर कुठल्याही गेम डिझायनरला हेवा वाटावा अशी आहे.

पिठाच्या पाण्यापासून ब्रह्मास्त्रापर्यंत

द्रोण आणि कृपीचा हा मुलगा. जन्मतःच घोड्यासारखा खिंकाळला म्हणून अश्वत्थामा. कपाळावर उपजत मणी. तो असेपर्यंत ना शस्त्राची भीती, ना भुकेची, ना रोगाची. पण घरात अठराविश्वे दारिद्र्य. श्रीमंतांची पोरं दूध पिताना पाहून हा हट्ट करायचा, तेव्हा इतर मुलांनी पाण्यात पीठ कालवून त्याला दिलं आणि ते पिऊन हा ‘मी दूध प्यायलो’ म्हणून नाचला. ते पाहून द्रोणाचं काळीज फाटलं. द्रुपदाकडे जाणं, तिथला अपमान, हस्तिनापूरची नोकरी हे सगळं पुढचं रामायण (खरं तर महाभारत!) त्यातून घडलं.

द्रोणाने खास अस्त्र अर्जुनाला दिलं. ते पोराला सहन झालं नाही. त्याने मागून मागून ते मिळवलं. बापाने दिलं, पण मनाविरुद्ध आणि माणसांवर सोडू नकोस असं बजावून. पुढे एकदा तर हा द्वारकेला गेला आणि कृष्णाकडे चक्क सुदर्शन चक्र मागितलं! ‘घे उचलून,’ कृष्ण म्हणाला. याला ते हलवताही आलं नाही.

मग युद्ध. ‘अश्वत्थामा मेला’ हे अर्धसत्य ऐकून द्रोणाने शस्त्र ठेवलं आणि धृष्टद्युम्नाने त्याचं डोकं उडवलं. अठराव्या दिवसाच्या रात्री सूडाने जळणारा मुलगा वडाखाली बसला असताना त्याने पाहिलं, एक घुबड झोपलेल्या कावळ्यांना एकेक करून मारतंय. आयडिया तिथून आली. त्याच रात्री तो पांडवांच्या छावणीत शिरला. धृष्टद्युम्न, शिखंडी आणि द्रौपदीचे पाचही मुलगे त्याने मारले.

पांडवांनी त्याला गंगाकाठी गाठलं. त्याने गवताची एक काडी उचलली, मंत्र घातला आणि अस्त्र सोडलं. अर्जुनानेही सोडलं. जग जळायची वेळ आली, तेव्हा व्यास आणि नारद मधे उभे राहिले. म्हणाले, परत घ्या. अर्जुनाने आपलं अस्त्र परत घेतलं. अश्वत्थाम्याला ते जमलं नाही. सोडायचं कसं एवढंच त्याला येत होतं. त्याने ते उत्तरेच्या गर्भावर वळवलं.

शाप मिळाला तो इथे. मणी गेला, म्हणजे संरक्षण गेलं. कृष्ण म्हणाला, तीन हजार वर्षं एकटा फिरशील, अंगाला रक्त-पुवाचा वास येईल, कुणी तुझ्याशी बोलणार नाही. लक्षात घ्या, महाभारतात मुदत आहे, ३००० वर्षं. लोकांनी मात्र त्याला सोडलंच नाही. सात चिरंजीवांच्या यादीत बळी, व्यास, हनुमान, विभीषण, कृप आणि परशुराम यांच्या बरोबरीने हाही आहे. बाकी सहा जणांचं अमरपण हा मान, याचं मात्र ओझं. नंदुरबारकडे सातपुड्यात अस्तंबा नावाचं शिखर आहे. धनत्रयोदशीच्या सुमाराला महाराष्ट्र, गुजरात आणि मध्य प्रदेशातले आदिवासी भाविक रात्री मशाली-बॅटऱ्या घेऊन ते चढतात. तिथे तो अस्तंबा ऋषी आहे. जगाने हाकललेल्याला डोंगराने ठेवून घेतलं म्हणायचं!

पुन्हा पुन्हा मरणारे

‘गेममध्ये असा एक आहे,’ आमचा गेमर म्हणाला. १९९९ सालच्या ‘प्लेनस्केप : टॉर्मेंट’चा नायक अमर आहे. अंगभर व्रण आहेत, पण प्रत्येक मरणानंतर तो मागचं विसरत जातो. आपण कोण होतो, काय केलं, हे शोधत फिरणं हाच त्याचा खेळ. अश्वत्थाम्याची अडचण नेमकी उलटी आहे. त्याला सगळं आठवतं.

कोकणाकडे अमरपणाचा आणखी एक प्रकार आहे, तो मजेचा. भातकापणी झाली की जत्रा सुरू होतात आणि गावोगाव दशावतार रंगतो. लेखी संहिता नाही, पायपेटी, मृदंग आणि झांज यांच्या साथीने पहाटेपर्यंत खेळ चालतो. सुरुवातीला काळ्या वेषातला संकासुर येतो, मालवणीत फटकेबाजी करतो आणि विष्णूच्या हातून मरतो. उद्या पुढच्या गावात तोच पुन्हा हजर! प्रत्येक रात्री मरायचं आणि प्रत्येक रात्री उठायचं. तो मोकळा, कारण त्याचा हिशेब रोज रात्री चुकता होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी देवळाच्या पायऱ्यांवर बसलो तेव्हा अण्णांचं बोलणं नीट कळलं. ज्याने दागिने ठेवून घेतले, त्याचं नावही कुणाला ठाऊक नाही. त्याला शिक्षा झाल्याची गोष्ट गाव सांगत नाही. त्याच्यानंतर ज्या नवऱ्या फुलांच्या दागिन्यांवरच बोहल्यावर चढल्या, शिक्षा त्यांना झाली. अश्वत्थाम्याच्या अस्त्राचंही तेच. त्याचा मार सूड घेणाऱ्यावर किंवा ज्याच्यावर सूड घ्यायचा त्याच्यावर बसला नाही, जन्मालाही न आलेल्या पोरावर बसला. कृष्णाने परीक्षिताला जिवंत केलं म्हणून वंश उरला.

तळ्याच्या बाबतीत असा कुणी मागून येऊन जिवंत करणारा नाही. पाचशे वर्षं हे पाणी टिकलं ते बांध जपणाऱ्या, डोंगरावरची झाडी राखणाऱ्या माणसांमुळे. वर झाडी तुटली की माती खाली तळ्यात येणार, काठावर काँक्रीट आलं की पाखरं जाणार. गावात ‘स्यमंतक’ नावाची संस्था शिक्षण आणि पर्यावरणाचं काम करते. नाव पाहा, पुराणात रोज सोनं देणारा मणी तो स्यमंतक! धामापुरात सोनं देणारं अजून शिल्लक आहे, फक्त आता ते पाण्याच्या रूपात शेतात जातं.

कसे जाल?
मुंबईहून कोकणकन्या एक्सप्रेसने रात्री निघालात तर सकाळी कुडाळ. तिथून रिक्षा किंवा मालवणकडे जाणारी एसटी. मालवणहून धामापूर साधारण पंधरा-सोळा किलोमीटर.

कधी जाल?
पाऊस सरल्यावर, ऑक्टोबर ते फेब्रुवारी. दशावतार पाहायचा असेल तर कार्तिकापासून पुढे. कुठल्या गावात आज जत्रा आहे, हे चहाच्या टपरीवर विचारा.

काय खाल?
घावणे-चटणी, काळ्या वाटाण्याची उसळ, वडे-सागोती आणि वर सोलकढी.

आणखी काय?
नदीपलीकडे वालावलचं लक्ष्मीनारायण देऊळ आणि तिथलं तळं. आणि हो, धामापूरला काठावर खायला जे न्याल, त्याची पाकिटं परत आणा.