चेंबरचं पॅकिंग

नोव्हेना चर्चकडून थॉमसन रोडने थोडं पुढे जाऊन आत वळलं की आमची गल्ली लागते. तिथल्या भाड्याच्या घरापुढे एक गाडी जेमतेम मावेल एवढी पडवी आहे. गेल्या मार्चमध्ये त्या पडवीच्या फरशीवर रुपयाएवढा काळा डाग दिसला. आठवड्याभरात त्याचा पापड झाला.

गाडी जपानी, वय वर्षे बारा. सिंगापुरात १९९० पासून गाडीच्या आधी तिचा परवाना, म्हणजे सीओई, घ्यावा लागतो आणि तो दहा वर्षं चालतो. (पालकांना हे सांगायला नको; हे मुलांसाठी.) ऑक्टोबर २०२३ मध्ये लहान गाडीच्या परवान्याची बोली एक लाख सहा हजार डॉलरवर गेली होती. आम्ही जुनाच परवाना पाच वर्षांनी वाढवून घेतला आहे. ती मुदत पुन्हा वाढत नाही. तीन वर्षांनी गाडी भंगारात. अशा गाडीवर खर्च तो किती करायचा? गॅरेजवाल्याचा आकडा ऐकून सौ. म्हणाली, "तुम्ही इंजिनिअर ना?"

आहोत, पण कॉम्प्युटरचे. लोखंडाशी आमचा संबंध पहिल्या वर्षाच्या वर्कशॉपपुरता. तिथे कानशीने घासून एक चौकोन करायचा होता, तोही शेजारच्या मुलाने करून दिला.

म्हणून कोल्हापूरला बाबांना फोन लावला. आई गेल्यापासून आमचं बोलणं "जेवलास का" आणि "पाऊस आहे का" एवढ्यावर आलं होतं. नातवाचं तर "हॅलो आजोबा, बाय आजोबा".

"बाबा, इंजिनाचा ऑईल पॅन गळतोय."

"काय गळतंय?"

"इंजिनाखालचं ऑईलचं भांडं."

"अरे, मग चेंबर म्हण की! पॅकिंग गेलं असणार." आणि बाबा चाळीस मिनिटं बोलले.

आमच्या लहानपणी घरी प्रीमियर पद्मिनी होती, कुर्ल्याच्या कारखान्यातली. रविवारी बाबांचे फक्त पाय दिसायचे, बाकीचे बाबा गाडीखाली. चेंबरचं पॅकिंग बुचाचं असे. ठेवून ठेवून ते आक्रसलं, तर बाबा कोमट पाण्यात भिजवून पुन्हा मापात आणायचे. खालून हाक यायची, "बॅटरी धर रे जरा." आम्ही परीक्षा आहे म्हणून सटकायचो. परीक्षा क्वचितच असायची.

पॅकिंग कशाला लागतं, ते मुलांना सांगतो. लोखंडाचे दोन पृष्ठभाग कितीही सपाट दिसले तरी त्यांच्यात बारीक फटी राहतात. गरम ऑईल पातळ होतं आणि त्या फटींतून वाट काढतं. मधे काहीतरी मऊ दाबून बसवलं की फटी बुजतात. वर्षानुवर्षं तापून ते मऊ कडक झालं, तडकलं, की गळती सुरू.

एका रविवारी सकाळी नऊला काम काढलं. कोल्हापुरात तेव्हा साडेसहा. बाबा चहाचा कप घेऊन फोनच्या पडद्यावर हजर. पहिला हुकूम: नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली जायचं नाही. आधी लोखंडी घोड्या लावून घेतल्या, मागच्या चाकांना विटा लावल्या, गाडी हलवून बघायला लावली, मगच पुढचं. ऑईल काढलं, बोल्ट काढले, तरी चेंबर हलेना. आम्ही पेचकस घालणार तोच पडद्यातून ओरडा झाला, "घालू नकोस! ओरखडा पडला की तिथूनच गळेल." रबरी हातोडीने हळूहळू ठोकून शेवटी सुटला.

आमच्या गाडीला तयार पॅकिंग नसतंच. ट्यूबमधली लापशी रेघेसारखी सोडायची, तीच वाळून पॅकिंग होते. बाबांना हे पटेना. "त्याने दात घासा," म्हणाले.

बोल्ट आवळायचं काम चिरंजीवांकडे दिलं. मधल्यापासून बाहेर, एकदा या बाजूचा, एकदा त्या बाजूचा. कुठलाही एकदम पूर्ण आवळायचा नाही. "बेतानं, आटे जातील," आजोबा म्हणाले. "आटे म्हणजे?" मग बोल्ट फोनसमोर धरून त्यावरची गोल चढण दाखवणं झालं. पुढच्या वर्गात बाईंनी वाक्यात उपयोग करायला सांगितल्यावर आमच्या मुलाने लिहिलं, "गणितात माझे आटे गेले." बाईंनी गुण दिले.

आता आमची चूक. लापशी रात्रभर वाळू द्यायची, असं ट्यूबवर लिहिलेलं होतं. पण संध्याकाळी एकांकिकेच्या तालमीला जायचं होतं. दोन तासांत आम्ही नवं ऑईल ओतलं. तालमीहून परतलो तर रात्री डाग पुन्हा हजर. बाबांना सांगायची लाज वाटत होती, चिरंजीवांनीच परस्पर फोन करून सांगितलं, तेही मराठीत: "आजोबा, बाबांनी घाई केली." पलीकडून हसण्याचा आवाज बऱ्याच दिवसांनी ऐकला.

पुढच्या रविवारी सगळं पुन्हा. सगळी लापशी खरवडली, पुसून कोरडं केलं, ऑईल सोमवारी भरलं. आधीचं जळकं ऑईल बंद कॅनमधून गॅरेजला नेऊन दिलं. ते गटारात ओतणं गुन्हा आहेच, शिवाय आपल्या भागाचं पावसाचं पाणी शेवटी मरीना जलाशयात जातं. २००८ मध्ये तिथे बंधारा झाला, आणि आता ते प्यायचंच पाणी आहे.

आता गाडीखाली पुठ्ठा असतो आणि रविवारी नऊला फोन येतो, "पुठ्ठा कोरडा आहे का?" गेल्या आठवड्यात चिरंजीव धावत आले. पुठ्ठ्यावर ओला ठिपका होता. आम्ही पाने शोधायला लागलो.

"बोट लाव," आजोबांनी नातवाला सांगितलं. "वास घे. काय आहे?"

त्याने बोट नाकाशी नेलं, चोळलं, पडद्यासमोर धरलं. "पाणी! आजोबा, एसीचं पाणी!"

"मग बाबांना म्हणावं, पाने ठेव."