तिरकस बघणाऱ्यांचा टीव्ही

आमच्या घरात टीव्हीच्या बरोबर समोर बसणारा मी एकटाच, आणि सगळ्यात कमी बघणाराही मीच. बाबा खिडकीलगतच्या दिवाणावर रेलून बघतात, म्हणजे पडद्याच्या पार डावीकडून. आई स्वयंपाकघराच्या दारातून, हातात लाटणं. जुना टीव्ही बंद पडल्यावर नवा घ्यायचा तो या दोघांसाठी, हे घरातून निघतानाच ठरलेलं होतं.

वेळ बरी साधली होती. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला होता. दसरा तोंडावर, दुकानात पाय ठेवायला जागा नाही. भिंतभर टीव्ही, आणि झाडून सगळ्यांवर तेच: रंगीबेरंगी पोपट, ओघळणारा मध, निळाशार समुद्र. असल्या फिती खास दुकानासाठीच केलेल्या असतात. त्यांत सुमार टीव्हीही देखणा दिसतो. सेल्समन मला थेट ५५ इंचीपुढे घेऊन गेला. मी म्हटलं, "सेट टॉप बॉक्स कुठे जोडलाय का? साधं मराठी बातम्यांचं चॅनल लावा." त्याचा चेहरा पडला, पण लावलं बिचाऱ्याने.

पोपटांची सगळी ऐट तिथे उतरली. फोर-के पडद्यावर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे जवळजवळ ८३ लाख ठिपके. साध्या एसडी चॅनलच्या चित्रात ७२० गुणिले ५७६, जेमतेम चार लाखांवर. म्हणजे विसांतले एकोणीस ठिपके टीव्हीने आपल्या मनाने भरायचे! हे काम कोण नीट करतं ते निवेदिकेच्या केसांच्या कडांवर आणि खालून सरकणाऱ्या पट्टीवर कळतं. एका टीव्हीवर पट्टीतल्या वेलांट्या एकमेकींत गुंतत होत्या. ५५ इंचीवर निवेदिकेचा चेहरा मेणाच्या पुतळ्यासारखा गुळगुळीत.

मग मी बाबांची जागा घेतली, म्हणजे प्रत्येक टीव्हीच्या पार कडेला जाऊन उभा राहिलो. लोक बघत होते, बघू देत. एलईडी म्हणून विकतात तो टीव्ही मुळात एलसीडीच. एलईडी असतात ते मागच्या उजेडाला. त्यात व्हीए पॅनलचा काळा रंग चांगला गडद, पण बाजूला सरकलं की चित्र विटतं. आयपीएसचा काळा जरा राखाडी, मात्र कडेनेही रंग टिकतात. अंधार करून सिनेमे बघणाऱ्याने खुशाल व्हीए घ्यावा. आमच्याकडे ट्यूबलाइट चालूच असते. ओएलईडी दोन्हीकडून सरस, पण किंमत ऐकूनच पुढे सरकलो. पॅनल कुठलं, असं विचारलं की सेल्समन म्हणायचा, "सर, क्यूएलईडी आहे!" ते उत्तर माझ्या प्रश्नाचं नव्हतं.

आकाराचा वाद शोकेसने मिटवला. कप्पा १०६ सेंटिमीटर रुंद. ४३ इंची साधारण ९६ भरतो, ५० इंची १११. "सुताराकडून कप्पा वाढवून घ्या," असा सल्लाही मिळाला. ४३ इंची आयपीएस घेतला.

घरी आल्यावर चित्राचा भडक मोड काढून मी सिनेमा मोड लावला. आई दारातूनच म्हणाली, "सगळ्यांना कावीळ झालीय का रे?" दुसरा तंटा चित्राच्या गुळगुळीतपणाचा. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींचा असतो. टीव्ही अधल्यामधल्या चौकटी स्वतः रचून घुसवतो, नि जुना कृष्णधवल चित्रपटही काल शूट केलेल्या मालिकेसारखा दिसायला लागतो. मला ते बघवत नाही. बाबांना क्रिकेटला तेच हवं, चेंडू नीट दिसतो म्हणे.

सध्याचा तह असा: मालिकांना स्टँडर्ड, क्रिकेटला गुळगुळीतपणा चालू, रात्री माझ्या सिनेमाला सगळं बंद. रिमोटवर याचं वेगळं बटण नाही, सेटिंगमध्ये खोल शिरावं लागतं आणि ते घरात मलाच जमतं. त्यामुळे संध्याकाळी सात वाजले की मी कुठल्याही खोलीत असलो तरी हाक येते, "अरे, ते पिवळं काढ आधी!"