मुनग्याचं झाड आणि २६९ चौरस फूट

आमच्या कागदाच्या मिलमध्ये रद्दीच्या गाठी येतात. तार तोडायची, गाठ सोडायची, पट्ट्यावर ढकलायची. पुढं पल्पर. पोथी असो, लग्नपत्रिका असो, कोर्टाचा निकाल असो, आत गेलं की सगळ्याचा एकच लगदा. जातिअंत कुठं झाला असेल तर फक्त तिथं.

मी शाळेत फार टिकलो नाही. वाचायला शिकलो ते या गाठींमधून. सुपरवायझरची नजर चुकवून चार पानं शर्टात घालायची, रूमवर डिक्शनरी घेऊन बसायचं. अशीच एकदा एका इंग्रजी मासिकाची पानं हाती लागली. घरांचं मासिक. पानावर एक घर, पण आधी मला घर दिसलंच नाही. झाडंच झाडं. मग झाडांच्या मागं काँक्रीटचा जाड पट्टा, त्याच्याखाली अंधाऱ्या कमानी, आणि वर गवत. छपरावर गवत!

घर अहमदाबादचं, शाहीबागेतलं. मालकीण मनोरमा साराभाई, कॅलिको मिलच्या घराण्यातल्या. नकाशा काढला ल कॉर्बुझिएनं, म्हणजे ज्यानं चंदीगड आखलं त्यानं. १९५१ ला आखणी, १९५५ ला घर तयार. कामावर देखरेख ठेवायला पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण दोशी होते, जे पुढं स्वतःच जगात नावाजले.

दोस्तहो, मला राग यायला पाहिजे होता. आला नाही. आधी घर आवडलं, खोटं कशाला बोलू. विटांच्या समांतर भिंती, जशा आमच्या गोदामात गाठींच्या रांगा. दोन भिंतींच्या मधे बुटकी कमान, पातळ टाइलची. रांगेची दोन्ही टोकं मोकळी, तोंड वाऱ्याच्या दिशेला. वारा एका टोकानं शिरतो, दुसऱ्या टोकानं बागेत जातो. कमानींवर माती, मातीवर गवत, म्हणजे अहमदाबादचं ऊन खाली उतरत नाही. आणि पोरांसाठी छपरावरून थेट पोहण्याच्या टाक्यात उतरणारी काँक्रीटची घसरगुंडी. बाग घराच्या भोवती तर आहेच, घराच्या डोक्यावरही आहे. पैशावाल्यांची घरं मी पाहिली आहेत, सिनेमात तरी. ती छाती काढून उभी असतात. हे घर लपून बसलेलं.

राग मागून आला. अहमदाबादच्या गिरण्यांत आपली माणसं सूतखात्यात. विणकामाच्या खात्यात त्यांना जागा नाही. मुंबईतही तेच. धोट्यात सूत ओढायला तोंड लावावं लागायचं, आणि आपल्या तोंडाचा विटाळ. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न मांडला तेव्हा कामगार पुढाऱ्यांना तो अडचणीचा वाटला. तर अशा गिरण्यांच्या पैशावर अशी घरं उठतात. १९९० नंतरच्या वर्षांत कॅलिको बंद पडली. घर आहे, गवतही आहे.

आणखी एक. मार्कंड्याला आमचं घर कुडाचं, वर कवेलू. पावसाळ्यात कवेलूवर गवत उगवतं, दोडक्याचा वेल चढतो. माय म्हणायची, "उपटून टाक बा, लोक म्हनतीन घराले मानूस नाही." आमच्या छपरावर उगवलं तर दळिद्र. त्यांनी पेरलं तर आधुनिक.

मग आधुनिक घर म्हणायचं तरी कशाला?

६ डिसेंबरला चैत्यभूमीवर गेलो की राजगृह पाहून येतो. तुम्हीही जाता. पण घर म्हणून कधी पाहिलं का? १८९६ ला मुंबईत प्लेग आला, १८९८ ला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. या ट्रस्टनं परळला कामगारांच्या चाळी बांधल्या, आणि दादर-माटुंग्याकडं बऱ्या लोकांसाठी आखीव रस्ते, आखीव प्लॉट पाडले. एकच ट्रस्ट, दोन नकाशे. बाबासाहेब वीसेक वर्षं परळच्या त्या चाळीत दोन खोल्यांत राहिले. १९३० नंतर दादरच्या हिंदू कॉलनीत प्लॉट घेऊन त्यांनी राजगृह बांधलं. कॉलनीचं नाव काय, घराला नाव कुठलं, मगधच्या राजधानीचं! कुटुंब खाली, ग्रंथालय वर. घर बांधताना पुस्तकांचा विचार आधी झालेला. त्या मासिकाच्या पानात हे घर नव्हतं. मला मात्र ते अहमदाबादच्या घराएवढंच आधुनिक वाटतं, कारण कोण राहणार, काय करणार, हे ठरवून ते बांधलेलं आहे. ७ जुलै २०२० ला तिथं हल्ला झाला तेव्हा काचांबरोबर अंगणातल्या फुलझाडांच्या कुंड्याही फोडल्या. कुंडीनं कोणाचं काय केलं होतं?

हे सगळं डोक्यात असताना मायच्या नावानं घरकुल मंजूर झालं. रमाई आवास. २६९ चौरस फूट.

सुट्टी टाकली, एसटीनं मार्कंड्याला आलो. आमचं गाव पाहायला लोक येतात ते देवळासाठी. वैनगंगा इथं उत्तरेला वळते, दगडी मूर्ती कोरलेल्या, शिवरात्रीला जत्रा. आमचा मोहल्ला पाहायला कोणी येत नाही, ते जाऊ द्या. मिस्त्री दोरी घेऊन आलेला. म्हणाला, "मुनगा तोडा लागते. पाया तिथूनच जाते."

बाबा म्हणाले, "तोड. स्लॅब रोडाले लागूनच पायजे. लोकायले दिसलं पायजे."

माय म्हणाली, "घर लोकायले दाखवाले होय का राहाले?"

मी खिशातून कागद काढला. रात्रपाळीत नकाशा काढून ठेवला होता. दोन लांब भिंती समांतर, एका टोकाला दार, समोरच्या टोकाला तेवढीच मोठी खिडकी. नदीकडचा वारा आरपार जाईल. घर चार फूट अलीकडं सरकवलं की मुनगाही वाचतो, मागची सांदवाडीही राहते. आणि एका भिंतीत खालपासून वरपर्यंत फडताळ, पुस्तकांसाठी. माझं राजगृह. खुशीत मायला सगळं वाचून दाखवलं.

तिनं ऐकलं. मग विचारलं, "चूल कोठी हाय?"

चूल नव्हती. जिथं चूल यायची तिथं मी फडताळ आखलं होतं.

मी कविता करतो, स्टेजवर रमाईचं नाव घेतो. बाबासाहेब विलायतेत शिकत होते तेव्हा घर तिनं ओढलं. राजगृहात तिला राहायला मिळालं ते थोडकं, २७ मे १९३५ ला ती गेली. आपण राजगृहात जातो आणि वरच्या पुस्तकांबद्दल बोलत खाली उतरतो. खालच्या खोल्यांत तिची चूल कुठं होती, हे मी आजवर एकदाही कोणाला विचारलं नव्हतं. आणि तिच्या नावाच्या घराचा नकाशा मी मायला न विचारता काढला. मायनं जन्मभर दुसऱ्याच्या बांधीत रोवणी केली. कंबर वाकली ती वाकलीच. उभ्यानं रांधता येईल असा ओटा तिला पाहिजे होता, आणि ओट्यासमोर खिडकी, सांदवाडी दिसेल अशी.

कागद तिला दिला. तिनं तो बाजूला ठेवला. अंगणात गेली, पावलं मोजत चालली. एक वीट उचलून ठेवली, "इथं चूल." तिथून मुनग्याकडं पाहिलं, वीट हातभर सरकवली. दुसरी वीट दाराजवळ ठेवली. "तुये पुस्तकं इथं ठेव. पाऊस आला तं पयले तूच उठशीन."

मिस्त्री सोमवारी येणार आहे. बाबा रागावून पारावर जाऊन बसलेत. मुनग्याला फुलं आली आहेत, त्याचं अजून ठरलेलं नाही.