बाबांचा पाण्याखालचा चष्मा

स्नॉर्केलिंगला लागणाऱ्या वस्तू मोजून तीन. डोळ्यांवर मास्क, तोंडात नळी, पायात फिन्स. स्कूबासारखा सिलिंडर नाही, सर्टिफिकेट नाही. त्यामुळे बरेच लोक ही खरेदी उन्हाळी टोपी घेतल्यासारखी करतात. रंग आवडला, टाकली पिशवीत. मग मालवणला बोटीतून पाण्यात उतरायचं, पाचव्या मिनिटाला मास्कमध्ये पाणी, घशात खारट घोट आणि "मला वर घ्या!" यात समुद्राचा दोष नसतो. माशांचा तर नसतोच नसतो.

गेल्या वर्षी मी हे सामान घ्यायचं ठरवलं ते बाबांसाठी. बाबांचं वय ७२. जन्म मालवणजवळच्या गावातला. लहानपणी रापण ओढायला जायचे, तासन्‌तास डुंबायचे. पण शाळेत असतानाच चष्मा लागला आणि पाण्यात जाताना तो काठावर ठेवावा लागायचा. म्हणजे ज्या पाण्यात हा माणूस वाढला, त्याच्या तळाशी काय आहे ते त्याने एकदाही धड पाहिलेलं नव्हतं. मी विषय काढला तेव्हा उत्तर अस्सल मालवणी आलं: "मासो बघूक पाण्यात कित्याक जावक व्हया? बाजारात बघ." पण दुसऱ्या दिवशी हळूच विचारलं, "चष्म्याचा काय करतलंस?" तिथेच मी समजलो. :)

पेशाने सॉफ्टवेअरवाला असल्यामुळे आधी रिक्वायरमेंट लिहून काढल्या. जागा: सिंधुदुर्ग किल्ल्याजवळचं उथळ पाणी. वेळ: पंधरा-वीस मिनिटं, पृष्ठभागावरच, बुडी मारायची नाही. पाणी: कोकणातलं, म्हणजे अंदमानसारखं काचेसारखं नव्हे. पावसाळ्यात सगळं बंद, नंतर गाळ बसायला वेळ लागतो, आणि हिवाळ्यातल्या चांगल्या दिवशीही काही मीटरच दिसतं. युजर: ७२ वर्षं, नंबर उणे चार, रक्तदाबाची गोळी, आणि झुपकेदार मिशी. ही शेवटची अट सगळ्यात अवघड निघाली.

पहिला मान मास्कचा. पाण्यात उघड्या डोळ्यांनी धूसर का दिसतं? आपल्या डोळ्याची प्रकाश वाकवायची बरीचशी ताकद हवा आणि बुबुळावरचा पारदर्शक पडदा यांच्या सीमेवर असते. हवेच्या जागी पाणी आलं की ती ताकद जवळजवळ संपते, साधारण चाळीस नंबरचा घाटा. त्यापुढे बाबांचा उणे चार म्हणजे किरकोळ बाब. पाण्यात आपण सगळेच आंधळे कोशिंबीर खेळत असतो! मास्क फक्त डोळ्यांपुढे हवेचा एक कप्पा परत आणून ठेवतो. शिवाय सपाट काचेमुळे वस्तू सुमारे एक तृतीयांशाने मोठ्या दिसतात. मासेमारांच्या गप्पांना शास्त्रीय आधार आहे तो असा.

पोहायचा गॉगल मात्र इथे चालत नाही. त्यात नाक बाहेर राहतं. खाली जाल तसा पाण्याचा दाब वाढतो आणि गॉगल डोळ्यांना ओढायला लागतो. मास्कमध्ये नाक आत असतं, त्यामुळे नाकाने थोडी हवा सोडून दाब सारखा करता येतो.

मास्क निवडायची कसोटी एकच, आणि ती फुकट आहे. पट्टा मागे टाका, मास्क नुसता चेहऱ्यावर ठेवा, नाकाने हलका श्वास आत ओढा आणि हात सोडा. श्वास धरून ठेवलाय तोवर मास्क चिकटून राहिला तर तो तुमचा. कडेने हवा आली तर कितीही भारी कंपनीचा असला तरी तो दुसऱ्या कुणाचा. पट्टा आवळून हे दुरुस्त होत नाही. उलट जास्त आवळला की कड वाकते आणि गळती वाढते. म्हणून मास्क ऑनलाइन मागवायचा नाही, दुकानात जाऊन बघायचा. कड मऊ सिलिकॉनची हवी (स्वस्तातलं पीव्हीसी कडक असतं) आणि काच टेम्पर्ड.

बाबांसोबत दुकानात सात मास्क लावून पाहिले. त्यातले पाच मिशीने नापास केले. मिशीच्या केसांमधून हवा जाते, तिथून पाणीही जाणार. डायव्हिंगवाल्यांचा जुना उपाय असा की मिशी काढायची नाही, नाकाच्या लगेच खालची बारीक पट्टी तेवढी साफ करायची म्हणजे कड कातडीवर बसते. हे बाबांना सांगायला मला दोन दिवस लागले. त्यांनी आरशासमोर उभं राहून बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, "वायच काढ. पण आवशीक सांगू नको." आईला अर्थातच पाच मिनिटांत कळलं.

नंबरचं काम त्या मानाने सोपं. दोन वेगळ्या काचांच्या काही मास्कमध्ये तयार नंबराची भिंगं बसवून मिळतात, अर्ध्या अर्ध्या नंबरच्या पायरीने. सिलिंडर नंबर असेल तर त्याचा अर्धा मूळ नंबरात मिळवायचा आणि जवळची पायरी घ्यायची. पाण्यात सगळं मोठं दिसतं, त्यामुळे थोडं उन्नीस-बीस खपून जातं. लांबचा चष्मा असलेल्या कुणालाही मी सांगेन की पैसे इथे घाला. मासे बघायला जायचं आणि मासेच अंधुक, याला काय अर्थ आहे?

आता नळी. इथे लोक उलटा विचार करतात. नळी जितकी लांब आणि जितकी यंत्रं लावलेली, तितकी चांगली! साधं गणित करून बघा. पाण्याखाली एक मीटरवर दर चौरस सेंटिमीटरला १०० ग्रॅम जादा दाब असतो. छातीचं क्षेत्रफळ हजारेक चौरस सेंटिमीटर धरलं तर श्वास घेताना शंभर किलो उचलायचे. म्हणून नळी ३५-४० सेंटिमीटरचीच असते, आणि तुम्ही पृष्ठभागावरच राहता. दुसरी गोष्ट, सोडलेल्या श्वासातला शेवटचा भाग नळीतच राहतो आणि पुढच्या श्वासाबरोबर परत आत येतो. शांत बसलेला माणूस एका श्वासात अर्धा लिटरच हवा घेतो. त्यामुळे नळी फार मोठी नको, फार अरुंदही नको, आणि श्वास सावकाश, खोल घ्यायचा. धापा टाकत घेतलेल्या उथळ श्वासात जुनीच हवा फिरत राहते.

बहिणीने आग्रह धरला होता तो पूर्ण चेहरा झाकणाऱ्या मास्कचा. २०१४ साली डेकॅथलॉनने असा मास्क आणला आणि तो जगभर गेला. २०२० च्या मार्चमध्ये इटलीतल्या इंजिनियरांनी थ्रीडी प्रिंटिंगने जोड बनवून हेच मास्क हॉस्पिटलात श्वासाच्या मदतीसाठी वापरले, तेव्हापासून माझ्या मनात त्याच्याबद्दल आदरच आहे. पण बाबांसाठी नको म्हटलं. कारण असं, साध्या नळीत पाणी शिरलं तर ती एका झटक्यात थुंकून टाकता येते. पूर्ण मास्क पट्ट्यांनी डोक्याला बांधलेला असतो, घाबरलेल्या माणसाला तो पटकन निघत नाही. आतल्या झडपा नीट नसतील किंवा नकली माल असेल तर सोडलेली हवाच आत फिरते. आणि नंबराचा प्रश्न उरतोच. आम्ही साधी नळी घेतली: वर लाटेचं पाणी अडवणारी टोपी, खाली पाणी बाहेर टाकणारी झडप, चावायला मऊ सिलिकॉन. बस.

फिन्स आखूड घेतले, पायात बुटासारखे बसणारे. लांब फिन्सना मांडीत ताकद लागते, आणि उथळ पाण्यात ते तळाला लागून गाळ उडवतात. मग आधीच कमी दिसणारं पाणी चहासारखं होतं. शिवाय खाली प्रवाळ असतात. कायद्याने त्यांना वन्यजीवांच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंगतीत बसवलंय. त्यांच्यावर उभं राहायचं नाही, लाथ मारायची नाही.

खरेदीच्या यादीत लोक विसरतात ती चौथी वस्तू म्हणजे तरंगायचं साधन. बोटीत लाइफ जॅकेट हवंच. पण फोमचं जॅकेट माणसाला उताणा करायला बघतं, आणि आपल्याला तर पालथं पडून खाली बघायचंय. त्यासाठी तोंडाने फुगवायचा स्नॉर्केलिंगचा जाकीट-वजा प्रकार मिळतो, तो घेतला. पट्टीचे पोहणारे बाबा यावर रुसले. पण वयाच्या सत्तरीत हा मुद्दा पोहण्याचा नसतो, हृदयाचा असतो. पाण्यात शिरल्यावर पायातलं रक्त छातीकडे ढकललं जातं, हृदयाचं काम वाढतं, त्यात नळीतून श्वास घ्यायची मेहनत. म्हणून यादीच्या सगळ्यात वर डॉक्टरांची परवानगी होती. ती मिळाली नसती तर मास्क शोकेसमध्ये गेला असता.

आधी सोसायटीच्या पूलमध्ये तीन रविवार सराव केला. मास्कमध्ये मुद्दाम पाणी घ्यायचं, वरची कड दाबून नाकाने जोरात हवा सोडायची, पाणी खालून बाहेर. नळीत पाणी आलं तर "टूऽऽ" करून फुंकायचं. नवीन काचेवर कारखान्यातून आलेला पातळ थर असतो, तो टूथपेस्टने चोळून काढला. आणि धुकं येऊ नये म्हणून उतरण्याआधी काचेवर थुंकी, मग पाण्याने खळबळ. एवढा महागाचा मास्क आणि त्यावर थुंकायचं, हे बाबांना मनापासून पटलं.

डिसेंबरात गेलो. १६६४ साली ज्याचा पाया घातला त्या किल्ल्याच्या तटाजवळ बोट थांबली. मार्गदर्शक मुलगा एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला. पहिली दोन-तीन मिनिटं बाबांचा श्वास जोरात चाललेला ऐकू येत होता, मग तो लांब झाला. त्यांनी माझा दंड धरला होता तो सोडला. एकदा खाली बोट दाखवून नळीतूनच काहीतरी ओरडले. वीस मिनिटांनी वर आले, नळी काढली आणि म्हणाले, "झिला, गोबरो बघितलंय. जितो." ७२ वर्षं ताटात पाहिलेला मासा! परतीच्या बोटीत एरवी बोलका माणूस धक्का येईपर्यंत गप्प होता.

तर पैसे कमी असतील तर क्रम असा लावा. आधी चेहऱ्याला बसणारा मास्क, हवा असल्यास नंबरासकट. मग स्वतःची नळी, कारण दुसऱ्याने चावलेली तोंडात का घ्यायची? मग पाठ जळू नये म्हणून पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट. फिन्स शेवटी, ते भाड्याने मिळाले तरी चालतील. तरंगायचं साधन या क्रमात धरलेलं नाही, ते नसेल तर उतरायचंच नाही. घरी आल्यावर सगळं गोड्या पाण्यात बुडवून ठेवा, सावलीत वाळवा, आणि मास्क त्याच्या डब्यातच ठेवा, वर वजन पडून कड वाकली की गेला. आमचा डबा बाबांच्या कपाटात आहे, चष्म्याच्या घराशेजारी.