रेवसची वाट

मुंबईच्या बंदरांतून जलप्रवास म्हटला कीं पाहुण्यास गेटवे आठवतें. अलिबागकर मात्र भाऊच्या धक्क्याची वाट धरतो. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ रसूल यांनीं एकोणिसाव्या शतकांत हा धक्का बांधविला. पुढें समुद्र हटवीत बंदर वाढलें, धक्क्याची जागाही सरकली. नांव तेवढें सुटलें नाहीं. मासळीचा वास, टोपल्यांची धांदल आणि मोरा-रेवसच्या लाँचींचे भोंगे आजही एकदमच अंगावर येतात.

या वाटेनें आम्ही अनेकदां गेलों. घरीं मात्र पेणवरून आलों असेंच सांगत असूं. कारण १७ जुलै १९४७ रोजीं बुडालेल्या ‘रामदास’ आगबोटींत आमचे आजोबा होते. आषाढी अमावास्या तोंडावर आलेली, गांवीं निघालेल्या माणसांची खच्चून गर्दी. सकाळीं याच धक्क्यावरून सुटलेली ती बोट वादळांत काशाच्या खडकाजवळ आली. लाटांना भ्यालेलीं माणसें एका बाजूस धांवलीं आणि ती कलंडली. सहाशेंहून अधिक जीव गेले. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतें. दुपार उलटली तरी मुंबईस वार्ता नव्हती. मुंबईकडे निघालेल्या रेवसच्या कोळ्यांनीं मासळी समुद्रांत टाकून होड्या मोकळ्या केल्या आणि हातीं लागतील तितके लोक वर ओढले. आजोबा त्यांत नव्हते.

आमच्या आत्याबाई तेव्हां चार वर्षांच्या. उभ्या जन्मांत त्या लाँचीवर चढल्या नाहींत. यंदां माघांत अचानक म्हणाल्या, “चोरून जातोस तें ठाऊक आहे मला. एकदां मलाही ने.”

चढतांच त्यांनीं जाकिटें मोजलीं. १८ डिसेंबर २०२४ रोजीं गेटवेहून घारापुरीस निघालेल्या लाँचीवर नौदलाची वेगवान नौका आदळून माणसें दगावलीं, तेव्हांपासून जाकिटांविषयीं आग्रह वाढला आहे. शेजारच्या गृहस्थांनीं आपलें जाकीट बसावयास घेतलें होतें. आत्याबाईंनीं त्यांस तें अंगांत घालावयास लाविलें. गृहस्थ मुकाट्यानें उठले, हें आम्हीं प्रत्यक्ष पाहिलें!

डावीकडे जवाहर द्वीपावरील तेलाच्या टाक्या, मागें घारापुरीचा डोंगर. उत्तरेस २०२४ च्या जानेवारींत खुला झालेला अटल सेतु धुक्यांत बुडालेला. लाँचीमागें पांढरे पक्षी घिरट्या घालीत होते. पोरें त्यांना दाणे फेंकीत होतीं. करंजाचा डोंगर जवळ आला, तशी आत्याबाईंनीं खलाशास हांक मारली.

“दादा, काशाचा खडक कोणता?”

त्यानें बोट दाखविलें. आत्याबाईंनीं चष्मा पुसून पाहिलें, मग पलीकडे पाहिलें.

“किनारा तर दिसतो रे इथून.”

आम्हांस कांहीं सुचलें नाहीं. रेवस येईपर्यंत त्या बोलल्या नाहींत. उतरतांना खलाशानें हात दिला, तो त्यांनीं पायऱ्या संपेपर्यंत सोडला नाहीं. अलिबागची एस. टी. उभी होती. गाडींत बसण्यापूर्वीं त्यांनीं परतीच्या लाँचीची वेळ विचारून घेतली.