चि. सोनूस पत्र

चेन्नई

चि. सोनूस,


इंजिनिअरिंगनंतर मेंदूच्या अभ्यासाकडे वळायचं म्हणतेस आणि त्यावरून घरात वाद चाललाय, असं वहिनी म्हणाली. ‘चार वर्षं वाया जाणार’ हे दादाचं म्हणणं मला मुळीच पटलेलं नाही.

इथल्या आयआयटीत व्ही. श्रीनिवास चक्रवर्ती हे प्राध्यापक आहेत. त्यांचं बी.टेक. इथलंच, पीएच.डी. टेक्सासची. बायोटेक्नॉलॉजी विभागात बसून ते मेंदूची गणिती प्रतिरूपं घडवतात.

थोडं मागचं सांगते. 1971 साली लंडनमध्ये जॉन ओकीफ यांना उंदराच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे आठवणी जिथे घडतात त्याच भागात, विलक्षण पेशी सापडल्या. उंदीर एका ठरावीक जागी आला की त्यातली एक पेशी तडतडायची, तिथून हलला की गप्प. याच प्लेस सेल. 2005 मध्ये मोझर दांपत्याला शेजारच्याच एन्टोरायनल भागात ग्रिड सेल सापडल्या. जमिनीवर समभुज त्रिकोणांची जाळी अंथरावी, तसं समज; उंदीर तिच्या कुठल्याही कोपऱ्यावर आला की त्या जाग्या होतात. 2014 चं नोबेल या तिघांना मिळालं.

पण वटवाघूळ तर हवेत उडतं! त्याचं काय? चक्रवर्ती, त्यांचे विद्यार्थी कार्तिक सोमन आणि बर्कलीचे मायकेल यार्त्सेव यांनी 2018 मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये याचं प्रतिरूप मांडलं. संगणकातल्या पेशींच्या जाळ्याला त्यांनी उडण्याच्या हालचालीची माहिती दिली. तयार नकाशा भरवला नाही. तरी शिकता शिकता त्या जाळ्यात प्लेस सेल आणि ग्रिड सेल, दोन्हींसारखे प्रतिसाद आपोआप उमटले. मला हे फार मोलाचं वाटतं, आणि हे सगळं तुझ्याच गणितातून आलंय.

अर्थात नुसत्या गणितावर भागत नाही. बंगळुरूच्या आयआयएससीत सचिन देशमुख प्रत्यक्ष उंदरांवर प्रयोग करतात. आसपासच्या वस्तू आणि खुणांवरून मेंदू जागा कशी ओळखतो, हा त्यांचा विषय. त्यांचेही शोधनिबंध वाच.

आजीला आपली सगळ्यांची नावं आठवत होती, पण देवळातून घरी यायची वाट सापडेना, ते तुला आठवत असेल. अल्झायमरचा पहिला घाला बहुधा त्या एन्टोरायनल भागावरच पडतो. तो इतक्या लवकर का पडतो, याचं पूर्ण उत्तर अजून कुणाकडे नाही.

दादाला हे पत्र वाचून दाखव. सुट्टीत इकडे ये, आणि तोवर लिनिअर अल्जिब्राची पुस्तकं रद्दीत टाकू नकोस.

तुझी,
आत्या